सेवेचे तास आणि पदवीचे श्रेयांक : कोकणातल्या विद्यार्थ्यांचे, पालकांचे आणि गावांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदवीला प्रवेश घेतला की वेळापत्रकात एफपी (क्षेत्र प्रकल्प), सीईपी (सामुदायिक सहभाग व सेवा), सीसी (सहअभ्यासक्रम) अशी अक्षरं दिसू लागतात. वर्गाबाहेरच्या कामाला पदवीत जागा मिळाली आहे, ती या नावांखाली. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत विद्यार्थी, त्यांचे आईवडील आणि ज्या गावांत हे काम होतं तिथली माणसं या कामाबद्दल जे पुन्हा पुन्हा विचारतात, त्याची उत्तरं इथे दिली आहेत. ती मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयं डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. स्वायत्त महाविद्यालयांत तपशील थोडे वेगळे असतात. तिथे आपापल्या समन्वयकांना विचारावं.

श्रेयांक म्हणजे नेमकं काय?

कॉलेजात सगळे ‘क्रेडिट’ म्हणतात ते हेच. एखाद्या विषयाला किती वेळ दिला आणि त्यातून काय शिकणं झालं, याचं ते माप आहे. वर्गातल्या व्याख्यानांचा हिशेब सत्रातल्या १५ तासांना एक श्रेयांक असा होतो. प्रयोगशाळा, क्षेत्रकार्य आणि गावातली सेवा यांना आठवड्याला दोन तास धरतात, म्हणजे १५ आठवड्यांत ३० तासांना एक. महाराष्ट्रात तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० ते १७६ श्रेयांक लागतात. मुंबई विद्यापीठात दोन श्रेयांकांचा विषय ५० गुणांचा असतो.

हे नवीन खूळ आहे का?

खूळ नाही, आणि फारसं नवीनही नाही. विद्यार्थ्यांनी शिक्षणाचा काही काळ देशाच्या कामाला द्यावा, ही कल्पना स्वातंत्र्यानंतर लगेचच चर्चेत आली. १९५९ साली त्यासाठी राष्ट्रीय सेवा समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते डॉ. चिंतामणराव देशमुख, म्हणजे महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री. शाळा संपवून विद्यापीठात किंवा नोकरीत जाण्याआधी प्रत्येक मुलामुलीने नऊ महिने ते वर्षभर सक्तीची सेवा करावी, अशी शिफारस त्या समितीने केली. एवढ्या मुलांची व्यवस्था आणि खर्च झेपणारा नव्हता, म्हणून ती तशीच राहिली. पुढे सक्ती बाजूला ठेवून स्वेच्छेचा मार्ग धरला गेला आणि गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे एनएसएस, सुरू झाली. पहिल्या वर्षी तिच्यात ३७ विद्यापीठं आणि ४० हजार विद्यार्थी होते.

कृषी शिक्षणात तर गावात राहून काम करणं पदवीतच बसवलेलं आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे विद्यार्थी शेवटच्या वर्षी शेतकऱ्यांबरोबर राहतात, त्यांच्या शेतावर शिकतात आणि त्याचे श्रेयांक त्यांना मिळतात. कला, वाणिज्य आणि विज्ञानाच्या मुलांना ही वाट राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे मोकळी झाली. राज्य शासनाने २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयात पदवीचा नवा आराखडा दिला आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही तो लागू झाला.

पदवीत हे काम कुठे बसतं?

साधारण रचना अशी आहे. दुसऱ्या वर्षात क्षेत्र प्रकल्प, म्हणजे एफपी, आणि सामुदायिक सहभाग व सेवा, म्हणजे सीईपी, प्रत्येकी दोन श्रेयांकांचे. एनएसएस, एनसीसी, खेळ, योग आणि कला हे सहअभ्यासक्रमाच्या, म्हणजे सीसीच्या रकान्यात. तिसऱ्या वर्षातलं ओजेटी चार श्रेयांकांचं असतं. ते कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण आहे, त्याला सेवेत गणू नये. कोणत्या सत्रात काय येतं, ते आपल्या शाखेच्या अभ्यासक्रमात पाहून घ्या.

दोन श्रेयांकांसाठी किती तास?

६० तास. आठवड्याला चार तास धरले तर एक सत्र पुरतं. तयारीची बैठक, गावातलं काम, नोंदी आणि अहवाल हे सगळं या तासांत येतं. पण ४० तास कॉलेजात बसून प्रेझेंटेशन केलं आणि २० तास गावात गेले, असं होता कामा नये. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० साली सामाजिक जबाबदारीच्या दोन श्रेयांकांच्या विषयाचा आराखडा दिला, त्यातही किमान निम्मा वेळ प्रत्यक्ष गावात असावा असं म्हटलं आहे. शिक्षिका म्हणून माझा आग्रह त्याहून थोडा जास्त आहे: तीनात दोन भाग गावात. एसटीच्या प्रवासाचा वेळ धरू नये. मंडणगडच्या किंवा वैभववाडीच्या आडगावाला जाणाऱ्या मुलांना हे जाचक वाटतं, ते मला कळतं. म्हणून शक्य तेवढं काम त्यांच्या स्वतःच्या वाडीच्या पंचक्रोशीत द्यावं.

कोणत्या कामाला श्रेयांक मिळतात?

ज्या कामाची गावाला गरज आहे, जे ठरावीक काळ सातत्याने होतं, ज्याच्यावर कुणाची तरी देखरेख आहे आणि ज्यातून विद्यार्थी काही शिकतो, त्या कामाला.

वनराई बंधाऱ्याचंच उदाहरण घ्या. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिल-मे महिन्यांत वाड्यांना टँकर लागतो. नद्या आखूड, उतार तीव्र आणि खाली जांभा. पाणी धरून ठेवणारं फारसं काही नाही. पाऊस संपला की वाहत्या वहाळावर सिमेंटच्या किंवा खताच्या रिकाम्या पिशव्या माती भरून रचतात, पाणी अडतं, आजूबाजूच्या विहिरींना त्याचा आधार होतो आणि भाजीपाल्याला, गुरांना पाणी मिळतं. पुढच्या पावसात बंधारा वाहून जातो, म्हणून दरवर्षी नव्याने घालावा लागतो. एनएसएसच्या शिबिरांत हे काम वर्षानुवर्षं होत आलं आहे.

त्यात श्रेयांकाचं शिक्षण कुठून येतं? पिशव्या भरणं हे श्रमदान झालं आणि त्याचं मोल मोठं आहेच. पण तोच विद्यार्थी बंधारा घालण्याआधी आसपासच्या विहिरींची पातळी दोरीने मोजून लिहून ठेवत असेल, नंतर दर पंधरवड्याला पुन्हा मोजत असेल, कोणत्या विहिरीला फरक पडला आणि कोणत्या विहिरीला पडला नाही हे वाडीतल्या जाणत्यांना विचारून समजून घेत असेल, तर तो भूगोल शिकतो, भूजल शिकतो आणि माणसांशी बोलायलाही शिकतो. फेब्रुवारीत तो तक्ता घेऊन ग्रामसभेत उभा राहिला की पुढच्या वर्षी बंधारा कुठे घालायचा, याचा निर्णय गावाला त्याच्या नोंदींवरून घेता येतो. अशा कामाला दोन श्रेयांक कमीच आहेत.

किनाऱ्यावर कासवांचं काम आहे. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ साली ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाचवायला सुरुवात केली, आणि आज रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडच्या कितीतरी किनाऱ्यांवर हे काम चालतं. पहाटे किनारा चालत पाहायचा, घरटं सापडलं तर कासवमित्राला कळवायचं, कुंपणातल्या घरट्यांच्या तारखा आणि तापमान लिहायचं, पाहायला आलेल्या पर्यटकांना समजावून सांगायचं. नोव्हेंबर ते मे हा हंगाम सत्राशी छान जुळतो. याखेरीज कांदळवनातला प्लास्टिक कचरा, देवराईतल्या झाडांची यादी, अंगणवाडीत गोष्टी आणि वाचन, प्राथमिक शाळेत संध्याकाळचा अभ्यासवर्ग, चिखल-पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसबद्दल भातलावणीआधी घरोघरी माहिती, हीसुद्धा धरण्यासारखी कामं आहेत.

आणि कशाला मिळत नाहीत?

स्वतःच्या किंवा नातेवाइकांच्या आंबाबागेतलं काम. पगारी काम. निवडणुकीचा किंवा कोणत्याही पक्षाचा प्रचार. एखाद्या पंथाचा प्रचार. मंडळाची वर्गणी गोळा करणं. एका सकाळी किनारा झाडून काढलेले फोटो.

रक्तदानाबद्दल नेहमी विचारतात. १८ वर्षं पूर्ण झालेल्या आणि तब्येतीने ठीक असलेल्या प्रत्येकाने रक्त जरूर द्यावं, पण त्याचे तास मांडू नयेत. रक्तपेढीशी बोलून शिबिर उभं करणं, दात्यांची यादी वर्षभर अद्ययावत ठेवणं आणि अडल्यावेळी त्यांना फोन करणं, हे मात्र काम आहे.

मी वाणिज्य शाखेत आहे. गावात जाऊन मी काय करू?

हा प्रश्न फार मुलं विचारतात, आणि त्यांच्यासाठीच कामं सर्वांत जास्त आहेत. कोकम, आंबापोळी, फणसपोळी करणाऱ्या बचत गटांना हिशेबाची वही नीट लावून द्यायला कुणीतरी हवं असतं. फळं, मीठ, बरण्या, मजुरी हे सगळं धरलं तर एक किलो आमसुलाला खरोखर किती खर्च येतो, हे कितीतरी गटांनी कधी मांडून पाहिलेलं नसतं. ते त्यांच्याबरोबर बसून मांडा. खाद्यपदार्थाची नोंदणी आणि वेष्टनावरचा मजकूर यांत मदत करा.

दुसरं काम म्हाताऱ्या माणसांचं. कोकणातल्या अनेक घरांत मुलगा-सून मुंबईला आणि इथे आजी-आजोबा दोघंच. गिरणीत, गोदीत, एसटीत नोकरी करून परत आलेल्यांना दरवर्षी पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. मोबाईलवर तो कसा द्यायचा हे त्यांना कळत नाही, आणि तालुक्याला हेलपाटे घालायची ताकद नसते. एका वाडीतल्या सगळ्या पेन्शनधारकांची यादी करून नोव्हेंबरात हे काम पूर्ण करणारी मुलगी बँकिंग, कायदा आणि संयम या तिन्ही गोष्टी शिकून येते. फक्त एक पथ्य: कुणाचाही ओटीपी, पासबुक, आधारची प्रत आपल्या फोनमध्ये ठेवायची नाही.

रसायनशास्त्राच्या मुलांनी खाडीकाठच्या विहिरींचं पाणी तपासावं. भरतीचं खारं पाणी कुठवर शिरलं आहे ते क्लोराइडच्या साध्या चाचणीत कळतं. मराठीच्या मुलांनी लग्नातली, जात्यावरची गाणी म्हणणाऱ्या बायांकडून ती ध्वनिमुद्रित करून घ्यावीत आणि त्याची एक प्रत गावच्या शाळेला द्यावी. इतिहासाच्या मुलांना रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची कातळशिल्पं आहेत. त्यांची मापं, रेखाटनं, जमीन कुणाची, त्याविषयी गावात काय सांगतात, एवढं नोंदवलं तरी मोठं काम होईल. चित्र नीट दिसावं म्हणून त्यात खडू किंवा रंग भरायचा मोह टाळावा; त्याने नुकसान होतं.

मी आधीपासून गावच्या मंडळात काम करते. ते धरलं जाईल का?

मागचं काम सहसा धरलं जात नाही, कारण त्यावर महाविद्यालयाची देखरेख नव्हती. पण तेच काम पुढे चालू ठेवून सत्राच्या सुरुवातीला मार्गदर्शक शिक्षकांकडून मंजूर करून घ्या. मुळात ज्या मुलीला गाव ओळखतं तिचं काम परक्या मुलांपेक्षा खोल जातं. शिक्षकांनी अशा मुलांना अडवू नये, उलट इतरांना त्यांच्याबरोबर जोडून द्यावं.

मी एनएसएसमध्ये आहे. त्याच तासांचे सीईपीचेही श्रेयांक मिळतील का?

नाही. एक तास एकाच ठिकाणी मोजायचा. एनएसएसमध्ये वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं निवासी श्रमसंस्कार शिबिर असतं. त्याचा हिशेब सीसीच्या रकान्यात होतो. मात्र दत्तक गावात शिबिरात सुरू झालेलं काम सीईपीमध्ये वेगळ्या तासांनी पुढे नेता येतं, आणि ते चांगलंच.

मुंबई विद्यापीठात एनएसएसच्या स्वयंसेवकांना, तसंच आजीवन अध्ययन व विस्तार विभागाचं १२० तासांचं काम करणाऱ्यांना वाढीव १० गुण देण्याची पद्धत जुनी आहे. ते गुण वेगळे आणि श्रेयांक वेगळे. सीनियर मुलांनी सांगितलेल्या दहा गुणांच्या गोष्टी आपल्या वर्षाला लागू आहेत की नाहीत, ते कार्यक्रम अधिकाऱ्यांना विचारून घ्या.

हजेरी पूर्ण असली की श्रेयांक मिळाले, असंच ना?

असं नाही, आणि तसं होऊही नये. ६० तास झाडाखाली बसूनही भरतात. तपासलं जातं ते रोजच्या नोंदवहीवरून, गावातल्या संपर्क व्यक्तीच्या अभिप्रायावरून, अहवालावरून आणि तोंडी परीक्षेवरून.

नोंदवहीबद्दल थोडं सविस्तर, कारण मुलांचे गुण तिथेच जातात. ‘आज आम्ही गावात गेलो. ग्रामस्थांशी संवाद साधला. खूप काही शिकायला मिळालं.’ अशी पानंच्या पानं भरलेली असतात. यातून वाचणाऱ्याला काहीही कळत नाही. त्याऐवजी लिहा: आज अकरा घरांत गेलो, चार घरं बंद होती, कारण माणसं काजूच्या बागेत गेली होती, यापुढे संध्याकाळी यायचं ठरवलं. शौचालय आहे पण पाणी नाही म्हणून वापरत नाही, असं तीन घरांत सांगितलं. एका आजोबांनी विचारलं, मागच्या वर्षीही मुलं माहिती लिहून घेऊन गेली, तिचं काय झालं? आमच्याकडे उत्तर नव्हतं.

हे शेवटचं वाक्य लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मी पूर्ण गुण देईन. जे जमलं नाही, जिथे अंदाज चुकला, तेही लिहावं. अहवाल मराठीत लिहिता येतो का, असंही विचारतात. विभागाने हरकत घेतली नसेल तर मराठीतच लिहा. इंग्रजीत सादर करावा लागला तर दोन पानांचा मराठी गोषवारा गावासाठी वेगळा करा.

श्रेयांकासाठी केलेली सेवा ही सेवा राहते का?

एका निवृत्त शिक्षकांनी पालकसभेत हा प्रश्न फार कळवळून विचारला होता. पेणजवळच्या गागोद्याला जन्मलेल्या विनोबांच्या, दापोलीच्या पालगडला जन्मलेल्या साने गुरुजींच्या या प्रदेशात सेवेचं बक्षीस मागायचं का, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी याकडे असं पाहते. घरची भातशेती, धाकटी भावंडं, दोन एसटी बदलून कॉलेज, हे सगळं सांभाळणाऱ्या मुलीला आजवर आपण सांगत होतो की सेवा कर, पण अभ्यास बुडवून, स्वतःच्या वेळात. त्यामुळे ज्यांना मोकळा वेळ परवडतो त्यांच्याच वाट्याला ही संधी जायची. श्रेयांक दिल्यावर हे काम तिच्या अभ्यासाचा भाग होतं आणि तिला घरी सांगता येतं की माझं कॉलेजचंच काम आहे. शिवाय आपण श्रेयांक देतो ते शिकण्याला. पुराच्या पाण्यातून कुणाला बाहेर काढलं त्याचं मोल श्रेयांकात करता येत नाही आणि कुणी करूही नये. श्रेयांक संपल्यावरही काही मुलं त्या गावात जात राहतात. सगळी जात नाहीत. जी जात नाहीत त्यांनीही एक सत्रभर दुसऱ्याच्या विहिरीचं पाणी मोजलेलं असतं.

गावाला यातून काय मिळतं?

या सगळ्यात हाच प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. दोन श्रेयांकांची विद्यार्थ्याला गरज आहे म्हणून गावाने आपला वेळ का द्यावा? काही गावं सर्वेक्षणांना कंटाळली आहेत. दरवर्षी नवी मुलं येतात, तोच फॉर्म भरून घेतात, चहा पितात आणि जातात.

म्हणून काम ठरवण्याचा क्रम उलटा करायला हवा. आधी विषय ठरवून मग गाव शोधू नका. सत्र सुरू होण्याआधी शिक्षकांनी दोन-तीन विद्यार्थ्यांना घेऊन गावात जावं, सरपंचांना भेटावं, पण तिथेच थांबू नये. आशाताई, अंगणवाडी सेविका, शाळेचे शिक्षक, पोलीस पाटील, बचत गटातल्या बाया यांना वेगवेगळं विचारावं. पंचायतीच्या ओटीवर सांगितलेली गरज आणि पाणवठ्यावर सांगितलेली गरज सारखी नसते. बौद्धवाडी, आदिवासी वाडी, मच्छीमार वस्ती या बहुतेक वेळा रस्त्याच्या शेवटी असतात. तिथवर चालत जावं.

काम संपल्यावर जे सापडलं ते गावाला परत द्यायचं, ग्रामसभेत, त्यांच्या भाषेत. ज्या प्रकल्पाचा अहवाल गावात वाचून दाखवला गेला नाही, त्याचे गुण लावू नयेत, असं मी आमच्या विभागात आग्रहाने मांडत आले आहे.

पूर, वादळ आलं तर त्या काळातलं काम धरतात का?

धरता येतं, पण काही अटींवर. ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ, २०२१ च्या मे महिन्यातलं तौक्ते, आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाडमध्ये शिरलेलं पाणी कोकण विसरलेलं नाही. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेत दरड कोसळली. अशा वेळी तरुण मुलं आपणहून धावून जातात आणि जायलाच हवीत. मात्र श्रेयांकाच्या आशेने कुणी चिखलात किंवा दरडीच्या खाली उतरावं, हे मला मान्य नाही.

पाणी चढलेलं असताना सुटका करण्याचं काम प्रशिक्षित पथकांचं आहे. ज्यांनी आपदा मित्रसारखं प्रशिक्षण घेतलं आहे त्यांनीही प्रशासनाच्या सांगण्यावरूनच जावं. विद्यार्थ्यांची खरी गरज पाणी ओसरल्यावर लागते आणि ती आठवडेच्या आठवडे टिकते. आलेल्या मदतीची वर्गवारी, कुणाला काय मिळालं याची नोंद, पंचनाम्याचे कागद भरायला मदत, औषधांच्या वाटपात आरोग्य केंद्राला हात, वाचनालयातली भिजलेली पुस्तकं वाळवणं. पहिल्या चार दिवसांत सगळे येतात. तिसऱ्या आठवड्यात, कॅमेरे गेल्यावर, दुकानदार एकटाच चिखल उपसत असतो. तिसऱ्या आठवड्यातल्या तासांची नोंद करा.

पुराच्या चिखलात उतरताना गमबूट आणि हातमोजे हवेतच. पायाला जखम असेल तर उतरू नका. लेप्टोच्या प्रतिबंधक गोळ्या आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने घ्या.

किनाऱ्यावर, किल्ल्यावर, जंगलात काम करायला परवानगी लागते का?

लागते. ऑलिव्ह रिडले कासव वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. अंडी किंवा पिल्लं हाताळणं वन विभागाने नेमलेल्या माणसांचं काम. पिल्लं समुद्रात जाताना फ्लॅश मारायचा नाही. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, रायगड, खांदेरी हे किल्ले २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले. संरक्षित किल्ल्यावर गवत काढायचं असलं तरी पुरातत्त्व खात्याला आधी विचारा. तटातलं झाड ओढून उपटलं की त्याच्याबरोबर चिराही येतो. समुद्रकाठी भरती-ओहोटीची वेळ पाहिल्याशिवाय काम ठेवू नये, आणि पावसाळ्यात खडकांवर मुळीच नाही.

मुलीला गावोगाव पाठवायला आम्हाला काळजी वाटते.

काळजी रास्त आहे. मुलं-मुली किमान तिघातिघांच्या गटात जातील, कुणीही एकटं कुणाच्या घरात जाणार नाही, शेवटच्या एसटीच्या आधी काम थांबेल, आणि गावातल्या एका बाईचा फोन नंबर आईवडिलांकडे असेल, एवढं महाविद्यालयाने लेखी द्यावं. निवासी शिबिरात शिक्षिका मुक्कामाला असायला हव्यात. आईवडिलांनी एकदा शिबिरात येऊन जेवून जावं; ते आलेले आम्हाला आवडतात.

जून-जुलैत लावणी, मार्च ते मे आंबा-काजू. माझे तास कसे भरणार?

आधी बोला, नंतर नको. तास सत्रभर सारखे विभागलेच पाहिजेत असं नाही; गणपतीनंतर आणि दिवाळीच्या सुट्टीत सलग काम करता येतं. नोकरी करणाऱ्यांना रविवारचं काम द्यावं. हे समजून घेणं शिक्षकांचं कर्तव्य आहे.

मी दिव्यांग आहे. डोंगर चढणं मला जमणार नाही.

चढायची गरज नाही. वाचनालय, मुलाखतींचं शब्दांकन, हेल्पलाइन, शाळेतलं वाचन, नकाशे, नोंदींचं विश्लेषण ही कामं तितकीच खरी आहेत आणि त्यांचे तास तसेच मोजले जातात.

एखाद्या संस्थेचं प्रमाणपत्र आणून दिलं तर चालेल का?

काम खरोखर केलं असेल आणि आधी मंजुरी घेतली असेल तर चालेल. पैसे देऊन, ओळखीने, किंवा काकांच्या संस्थेकडून आणलेला कागद चालणार नाही. आम्ही गावात फोन करतो.

खर्च कुणी करायचा?

गावाकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. चहा दिला तर प्यावा, जेवणाचा भार टाकू नये. शक्यतो एसटीचा पास चालेल असं गाव निवडावं. झेरॉक्स, हातमोजे, पिशव्या यांचा खर्च विभागाने उचलावा, आणि ज्या मुलाला तिकिटाचे पैसे अवघड जातात त्याला ते सगळ्यांसमोर विचारायला लावू नये.

कॉलेज बदललं किंवा मध्येच शिक्षण थांबलं तर हे श्रेयांक जातात का?

जात नाहीत. २०२१ पासून श्रेयांकांची राष्ट्रीय बँक आहे, तिला एबीसी म्हणतात. डिजिलॉकरमधून खातं उघडता येतं, आणि जमा झालेले श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात. लग्न, आजारपण, घरची अडचण यांमुळे थांबलेल्या मुलींसाठी ही सोय मोठी आहे. निकालानंतर खात्यात श्रेयांक दिसतात की नाही ते स्वतः तपासा. नाव, जन्मतारीख आधारशी जुळत नसेल तर तिथे अडतं.

आमच्या वाडीला विद्यार्थी हवे आहेत. कुणाशी बोलायचं?

जवळच्या वरिष्ठ महाविद्यालयात जाऊन एनएसएसचे कार्यक्रम अधिकारी किंवा सीईपीचे समन्वयक यांना भेटा. कॉलेजचं वर्षाचं नियोजन जून-जुलैत होतं, तेव्हा आलात तर उत्तम. बंधाऱ्यासाठी सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत यावं, म्हणजे वहाळ वाहता असताना जागा पाहून ठेवता येते. ग्रामपंचायतीचं पत्र आणा. त्यात काम कोणतं, कोणत्या महिन्यांत, साधारण किती मुलं लागतील, शेवटची एसटी किती वाजता आणि मुलींसाठी शौचालयाची सोय कुठे, एवढं असू द्या. संपर्कासाठी दोन नावं द्या, एक पंचायतीतलं आणि एक वाडीत राहणाऱ्या बाईचं.